साडेबाराला सूर्य जायचा कुठे

संशोधन संस्थेतल्या सफाईच्या मावशींना निर्जीव वस्तूंचा फार कळवळा. लिफ्ट अडली की तिला गोंजारायच्या, पाण्याचा पंप कुरकुरला की "दमलास रे?" म्हणून विचारायच्या. घरी सूनबाईंनी मिक्सर जरा जास्त वेळ चालवला तरी यांचा जीव खालीवर.

गच्चीवर ऊन मोजायचं यंत्र बसलं आणि त्याची काच रोज सकाळी पुसायचं काम मावशींकडे आलं. अर्ध्या मोसंबीएवढा काचेचा घुमट, आत काळीकुट्ट चकती. बघताक्षणी मावशींनी त्याला पदराने वारा घातला. "उन्हात करपलं की गं लेकरू!"

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन वर जाऊ लागल्या. यंत्राशेजारी बसायचं, त्याच्यावर छत्री धरायची, सावकाश जेवायचं. अर्धा तास सगळ्यांना मिळतो, मग यानंच काय घोडं मारलंय?

खाली यंत्राच्या साहेबांची झोप उडाली. आभाळ निरभ्र, आणि संगणकावर मात्र साडेबाराला सूर्य गायब, एकला हजर! त्यांनी वायर बदलली, मग आकडे टिपणारी डबी बदलली, शेवटी चष्मा बदलला.

"रविवारी मात्र बरोबर चालतं हो," ते मावशींनाच सांगत बसले. "सूर्य काय नोकरीला आहे?"

"असेलही. तुम्ही चहा घ्या," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात साहेब ऐन साडेबाराला धापा टाकत वर आले. मावशींच्या एका हातात घास, दुसऱ्यात छत्री.

"मावशी!"

"हळू बोला. आत्ता कुठे गार झालंय."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि तिथेच फतकल मारली. चकती करपलेली नाही, मुद्दाम काळी रंगवलीय, ते म्हणाले. काळा रंग ऊन पिऊन घेतो. चकती तापते, खालचा धातू त्या मानाने गार राहतो, आणि दोघांत जेवढा फरक तेवढी चिमूटभर वीज तयार होते. ती मोजली की ऊन किती ते कळतं. वाऱ्याने चकती निवू नये म्हणून वर काच.

"म्हणजे तापणं हीच त्याची नोकरी?"

"हो."

"आणि मी रोज त्याचा खाडा पाडला!" मावशींचा चेहरा एवढासा झाला.

साहेबांना हसू आवरेना. "अहो, सावलीही लागते कधीकधी. नुसता सूर्य झाकून उरलेल्या आभाळाचा उजेड मोजायचा असतो." त्यांनी लांब काठीला बशीएवढा गोल पत्रा ठोकून दिला. आता ठरल्या दिवशी जिन्यातून हाक येते, "मावशी, सूर्य झाका!"

त्या सकाळी मावशी घरातून निघताना सूनबाईंना बजावतात, "भाजी तूच चीर. मला अकराला सूर्य झाकायचाय."