गणूशेटचा बिनगुळाचा तिळगूळ

कल्याणला आमच्या आळीतले गणूशेट हलवाई आपल्या हातचे कधी चाखत नसत. पाक दोन बोटांत धरून तार पाहायची आणि कढई उतरवायची. "उष्टं देवाला चालत नाही, मग गिऱ्हाइकाला का चालावं?" असे म्हणत. त्यांच्याविषयी लिहिण्याइतका माझा हात बसलेला नाही. पण आम्हां तांबटांच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा हे मीच लिहायला हवे.

माझी धाकटी बहीण यमू आठ वर्षांची असताना वाळत चालली. तहान भागेना. लघवीला मुंग्या लागल्या, तेव्हा वैद्यांनी मधुमेह सांगितला. त्या काळी त्यावर औषध नव्हते, गोड आणि भात बंद केला तर थोडे दिवस अधिक मिळतील, इतकेच.

संक्रांतीसाठी मी मुंबईहून आगगाडीने घरी आलो. आमच्या आळीत त्या दिवशी मुले घरोघर फिरतात, आणि हातावर ठेवलेला तिळगूळ देणाऱ्यासमोरच खायचा, अशी रीत. नाही म्हटले तर मनाला लागते. म्हणून यमूला दिवसभर घरातच ठेवायचे मी ठरवले, आणि तिची वाट पाहू नका, असे गणूशेटना सांगायला गेलो.

"हे कॉलेजात शिकवलं होय?" ते म्हणाले. "अरे, वैद्यांनी गोड बंद केलंय. सण कुठे बंद केलाय?"

त्यांनी भाजलेले तीळ खलात इतके कुटले की तेल सुटून ते आपसूक वळता येऊ लागले. वर सुके खोबरे, वेलची. गुळाचा कण नाही. मग ऐन धंद्याच्या दिवशी दुकान बंद करून आळीतल्या प्रत्येक घरी एकेक पुडी देऊन आले. यमू आली की तिला यातलाच द्या, म्हणून बजावले.

यमू परकर सावरत सगळी आळी फिरली. संध्याकाळी माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "दादा, सगळ्या घरांतला एकाच हातचा होता. शेटकाकांना सांगू नकोस हं. त्यांना वाटतंय, मला कळलं नाही."

आषाढात ती गेली. पुढच्या संक्रांतीला दुकानावर गेलो, आणि राहवेना म्हणून ते सांगून टाकले. गणूशेट पाक हलवत राहिले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "फिरून झाल्यावर इथे आली होती. कुणीतरी दोन दिलेले, त्यातला एक राखून ठेवलेला. माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत उभी राहिली."

"मग?"

"खाल्ला. रीतच आहे ना." त्यांनी तार पाहिली, कढई उतरवली. "माझ्या हातचा तेवढा एकच."