सुट्टीत तापलेले गज

नागपूर सुटल्यापासून मी वहीतलं एकच वाक्य वाचत होते : ‘कटिंगमध्ये माणसं किती कमी होतील, तेही बघा.’ भिलाईचे उद्योजक रमेश हटवार फोन ठेवता ठेवता हे बोलले होते. कोल्हापूरकडच्या कारखान्यांत वाया जाणारा माल कमी करून देणं हा माझा व्यवसाय. माणसं कमी करायचं काम मी कधी घेतलं नव्हतं, पण फोनवर तसं सांगायचं धाडसही झालं नव्हतं.

डोंगरगडची टेकडी मागे पडली, भाताची कापलेली खाचरं सुरू झाली आणि दुपारी दुर्ग आलं. हटवार स्वतः न्यायला आले होते. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इथे पोलाद कारखान्यात नोकरीला आले, हटवारांनी मोठे बोल्ट बनवणारं वर्कशॉप टाकलं. पद्मनाभपुरातल्या घरी वहिनींनी गरम फरा (तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळकट्या) आणि टोमॅटोची चटणी वाढली. चव छान होती. मोठ्या गिऱ्हाईकाने भाव उतरवायला सांगितलाय, नाहीतर काम रायपूरला जाईल, असं हटवार सांगत होते. बोलताना त्यांची बोटं सारखी ताटाच्या कडेवर फिरत होती.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवर गेले. सुरक्षेचे बूट मी कोल्हापुरातच विसरले होते, म्हणून हटवारांचे घातले. दोन मोजे चढवूनही ते पायातून निसटत होते.

भट्टीत लाल झालेले लोखंडी गज यंत्रावर कापायचे, थंड झाल्यावर लेथवर नेमक्या मापाला आणायचे, असं तिथलं काम. कापणीवर ठवकर काका होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेले. तासाभरातच माझ्या ध्यानात आलं, की काका प्रत्येक तुकडा गरजेपेक्षा दोन बोटं लांब कापतात आणि तेवढं लोखंड पुढे लेथवर भुसा होऊन जातं. एरवी असं काही सापडलं की मला आनंद होतो. इथे मात्र मी वही उघडली नाही. हे मी लिहून दिलं, तर पहिलं नाव कुणाचं जाईल ते उघड होतं.

दुपारच्या सुट्टीत काकांनी मला त्यांच्या डब्यातली बासी (रात्री पाण्यात घातलेला भात) आणि कांदा दिला. मी खाल्लं, पण त्यांना काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सुट्टी संपल्यावर मी हिशोब मांडला. थंड होताना लोखंड किती आखडतं तेही धरलं आणि माप कमी करून बारा तुकडे कापायला लावले. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि यंत्र सुरू केलं. संध्याकाळी तुकडे थंड झाले आणि बाराही आखूड भरले. सगळे भंगारात.

मी काकांकडे गेले आणि माझं काय चुकलं, ते विचारलं.

“हे गज सुट्टीभर भट्टीतच पडून राहिले, म्याडम,” ते म्हणाले. “लई तापले. जास्त तापलं का जास्त आखडते. कधी किती तापन, सांगता येत नाही, म्हनून मी दोन बोटं ठेवतो.”

“मग मला थांबवलं का नाही?”

“मालकानं तुमाले मले काढाले पाठवलं, असं वाटलं.”

मग काकांनीच सांगितलं, की सुट्टीआधी भट्टी रिकामी ठेवा असं ते पूर्वी दोनदा बोलले होते, पण भट्टी रिकामी जळते म्हणून कुणी ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस आम्ही तसंच केलं. लागतील तेवढेच गज आत सोडायचे आणि सगळ्यांचा रंग सारखा झाला की काढायचे. काकांनी हळूहळू माप उतरवत अर्ध्या बोटावर आणलं. एकही तुकडा आखूड गेला नाही.

परतीच्या दिवशी दुर्ग स्टेशनवर मी हटवारांना अहवाल दिला. पहिल्याच ओळीत मी वाया घालवलेले बारा तुकडे होते. त्याखाली उपाय, आणि तो ठवकर काकांचा आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं.

त्यांनी पानं उलटली. “अन् माणसं?”

“कापणीतलं एक माणूस जरी कमी केलंत, तरी हे मोडेल,” मी म्हणाले.

त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, “काकानं हे मले दोनदा सांगतलं होतं, ताई. मीच ऐकलो नाही.” माणसं राहतील असं वचन त्यांनी दिलं नाही आणि मला मागता आलं नाही.

गाडी सुटली तरी काळजी सुटली नव्हती. वाया जाणारं लोखंड शोधायला मी हजार किलोमीटर आले होते. ते का वाया जातं हे ठाऊक असलेला माणूस त्याच भट्टीपाशी वर्षानुवर्षं उभा होता, आणि त्याच्या डब्यातलं खाऊनही मी त्याला विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी हटवारांचा फोन आला. गिऱ्हाईक टिकलं होतं. मी कापणीबद्दल विचारलं.

“सगळे आहेत,” ते म्हणाले. “आता सुट्टीची घंटा काका वाजवतात. भट्टी रिकामी झाल्यावर.”