कपाटातली राखीव जागा

केळीच्या खोडाशेजारी पिलं फुटतात ना, तसे आमच्या प्रकाशच्या पुस्तकांचे किस्से. एक सांगून मोकळं व्हावं, तर तेवढ्यात बाजूला दुसरा उगवलेला! पाहुणे आले की सून म्हणते, "आई, चहा होईपर्यंत एकच सांगा." तो एक कधी एकटा येत नाही.

प्रकाश माझा मोठा मुलगा. दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी करून रिटायर झाला, जळगावात घर बांधलं. बाकीचे लोक रिटायर झाल्यावर गुडघ्याला तेल लावतात, देवदर्शनाला जातात. यानं अमेरिकेतला एक जुना लेखक धरला! त्याचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून मी त्याला 'अमेरिकावाले आबा' म्हणते. या आबांची सगळी पुस्तकं प्रकाशला हवीत. साधी नकोत. शंभर वर्षांपूर्वी पहिल्यांदा छापली तेव्हा जशी होती, तशी हुबेहूब आज पुन्हा छापलेली. जिल्द तशीच, पिवळा कागद तसाच. छापखान्यानं तेव्हा केलेल्या चुकासुद्धा तशाच!

पहिलं पुस्तक मी हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "हाई काय शे रे भाऊ? नवं शे का जुनं शे?"

"आई, नवंच आहे. पण जुन्यासारखं. याला फॅक्सिमिली म्हणतात."

"म्हणजे एक ग्रॅमचं सोनं!"

जळगावात बाहेरगावचे लोक अस्सल सोनं घ्यायला येतात. आणि माझा मुलगा इथे बसून एक ग्रॅमचं जमवतो!

* * *

दुसरं पार्सल आलं तेव्हा प्रकाश घरी नव्हता. सून मंगल शाळेत मास्तरीण होती. तिनं पार्सल उघडलं. पानांच्या कडा फाटक्यातुटक्या, काही पानं एकमेकांना जोडलेली, एका पानावरचा आकडा उलटा. बाईंचं डोकं फिरलं. "आई, किती फसवतात हो लोक!" कुरिअरचा माणूस अजून गल्लीतच होता. त्याला हाक मारून पार्सल परत दिलं.

संध्याकाळी प्रकाश आला. तिनं कौतुकानं सांगितलं, "तुमचं नुकसान वाचवलं. पूर्ण डॅमेज पीस होता."

त्यानं ऐकलं आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तसाच स्कूटरला किक मारून निघाला. कुरिअरवाल्यानं विचारलं, "साहेब, तुमच्या घरूनच तर तक्रार आली, माल खराब आहे म्हणून?"

"अहो, खराब आहे म्हणूनच तर मागवला!"

* * *

हळूहळू कपाट भरलं. फक्त मधल्या फळीवर एका पुस्तकाएवढी फट राहिली. ते पुस्तक कंपनीनं छापायचं बंद केलेलं. आमच्या ओळखीत ते एकाच माणसाकडे होतं, धुळ्याचे बोरसे सर. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनाही हेच वेड. आणि ते पुस्तक ते कुणाला देत नसत.

त्या फटीनं प्रकाशची झोप उडवली. जेवता जेवता उठायचा, कपाट उघडायचा, फट बघायचा, परत बसायचा. एकदा मंगलनं तिथे माझ्या बीपीच्या गोळ्यांचा डबा ठेवला. हा ओरडला, "तिथे जागा रिकामी नाही!"

"रिकामीच तर दिसतेय!"

"रिकामी नाही, राखीव आहे."

मंगल उठली. आत गेली, त्याचा रुमाल आणला आणि फटीत टाकला. "घ्या. एसटीत जागा धरतात ना, तशी धरली."

* * *

या वेडाचा तिसरा भागीदार दोंडाईच्याचा जगदीशभाऊ. मिरचीचा व्यापारी. त्याला आबांचं एक अक्षर कळत नाही, पण बोरसे सर म्हणाले चांगलं, म्हणजे चांगलं. पुस्तकं त्यानं घरी ठेवली नाहीत, मिरचीच्या गोडाऊनमध्ये ठेवली. मला म्हणाला, "अक्का, तठे वाळवीनी काय बिशाद शे!"

एकदा त्यानं त्यातलं एक सरांना दाखवायला आणलं. सरांनी चष्मा लावला, पुस्तक नाकाशी नेलं आणि पहिलंच पान उघडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी! नाक लाल! सरांच्या बायको, सुमनबाई, त्यांनी घाबरून विचारलं, "अहो, इतकं दुःखाचं आहे का?"

जगदीशभाऊ अभिमानानं म्हणाला, "वहिनी, आजून तर पयलंच पान शे!"

* * *

सरांचं मन वळवायला प्रकाशनं असोद्याच्या आमच्या मळ्यात भरीत पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. सर पांढरे हातमोजे घालून आले, कारण जेवणानंतर पुस्तकं हाताळायची होती. त्यांनी हातमोजे काढलेच नाहीत. चमच्यानं भरीत खाल्लं! असोद्यात चमच्यानं भरीत! शेजारच्या मळ्यातली माणसं बांधावर येऊन बघून गेली.

पण खाल्लं पोटभर. ढेकर देऊन म्हणाले, "प्रकाश, आज मन तृप्त झालं. माग काय हवं ते."

प्रकाश अर्धा उठलाच. "सर, ते पुस्तक..."

"ते सोडून! हवं तर माझं धुळ्याचं घर माग."

सुमनबाई पलीकडून म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे!"

* * *

शेवटी सरांना दया आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वतः येऊन पुस्तक देऊन गेले. चार दिवस बघायला, फक्त बघायला. प्रकाशनं ते राखीव जागेत ठेवलं आणि खुर्ची टाकून समोर बसला.

दसऱ्याला आमच्याकडे काय असतं? विळा, कोयता, स्कूटर, शिलाई मशीन आणि घरातली पुस्तकं, सगळ्यांची पूजा. प्रकाश मळ्यात ट्रॅक्टरची पूजा करायला गेलेला. मी पाट मांडला आणि कपाटातलं सगळ्यांत मानाचं पुस्तक काढलं. पाहुणं आलेलं, मान त्याचाच! हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ओल्या बोटानं ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, वर आपट्याचं पान ठेवलं.

सरांना पुस्तकाची काळजी, म्हणून दुपारी सोनं द्यायच्या निमित्तानं ते धुळ्याहून परत आले. पाटावर नजर गेली आणि हातातलं सोनं खालीच पडलं.

"अक्का, हे काय केलंत!"

"सरस्वतीची पूजा."

"अहो, ती सरस्वती नाही, फॅक्सिमिली आहे!"

"मग फॅक्सिमिलीबाईंना कुंकू चालत नाही, हे आधी सांगायचं ना!"

सरांनी पुस्तक रुमालात बांधलं, चहा न घेता निघाले. दारातून म्हणाले, "प्रकाशला सांगा, पुन्हा माझ्याकडे येऊ नको म्हणावं."

* * *

मग बोलणंच बंद. दिवाळी गेली, संक्रांत गेली, भरिताची वांगी संपली. प्रकाश घरात नुसता येरझाऱ्या घालायचा. फोन हातात घ्यायचा, ठेवायचा. एके दिवशी सकाळीच नाहीसा झाला, अंधार पडताना परत आला.

"कुठे होतास रे?"

"धुळ्याला."

"सर भेटले?"

"नाही. घर लांबून पाहिलं. खिडकी उघडी होती."

"मंग?"

"मंग काय? परत आलो."

मला हसावं का रडावं कळेना. आणि पुढच्याच आठवड्यात मंगल भाजी घेऊन आली ती पदर तोंडाला लावून हसतच. "आई, कोपऱ्यावर भाजीच्या गाडीमागे बोरसे सर उभे आहेत. मेथीची जुडी हातात धरून आपल्या घराकडे बघताहेत!"

मी म्हटलं, "बोलव ना मग!"

"हाक मारली. तर मेथी टाकून पळाले!"

* * *

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर जगदीशभाऊ बातमी घेऊन आला. सर आणि सुमनबाई धुळं सोडून मुलीकडे बेंगळुरूला निघाले, कायमचे. सामान बांधून झालं. प्रकाश ऐकून कपाटासमोर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी जेवला नाही.

दोन दिवसांनी दुपारच्या उन्हात दारात रिक्षा थांबली. बोरसे सर! घामाघूम, हातात कापडी पिशवी, मागे जगदीशभाऊ. प्रकाश उभा राहिला. मीच म्हटलं, "बसा सर. मंगल, पाणी आण."

सर बसले. पाणी प्यायले. मग पिशवीतून ते पुस्तक काढून प्रकाशसमोर धरलं. "घे. मुलीचा फ्लॅट लहान आहे. आणि तुझं कपाट किती दिवस वाट बघणार?"

प्रकाशनं हात पुढे केला. पुस्तकावरून एकदा बोटं फिरवली. मी मनात म्हटलं, सुटला बाबा पोरगा, आता शांत झोपेल.

त्यानं पुस्तक सरांच्या बाजूला सरकवलं.

"नको सर. तुमच्याकडेच राहू द्या."

जगदीशभाऊला राहवलं नाही. "अक्का, तुमना पोऱ्या येडा व्हयना!"

सर म्हणाले, "अरे, दारात घेऊन आलोय! आता नाही घेतलंस तर थेट बेंगळुरू."

"मग बेंगळुरूला येईन मागायला."

"इतक्या लांब? एका पुस्तकासाठी?"

प्रकाशनं मंगलनं आणलेला चहा सरांपुढे सरकवला. या वेळी सरांनी चहा घेतला. शेवटच्या घोटापर्यंत. मग त्यांनी पुस्तक उचललं, पिशवीत घातलं आणि बोट दाखवून म्हणाले, "ये. पण सांगून ठेवतो, आलास तरी देणार नाही!"

"नका देऊ," प्रकाश म्हणाला, आणि त्यांची पिशवी खांद्याला लावून त्यांना बस स्टँडवर सोडायला निघाला.