मृत चेहऱ्याची एकच प्रत

"म्हाताऱ्यानं मुदत संपलेली फिल्म घातली, म्हणून माझ्या आईचं तोंड उमटलंच नाय."

कुडपणच्या एका ट्रकचालकाचे हे म्हणणे पोलादपूरच्या एसटी स्थानकापासून महाडमधल्या माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचले आहे. उभा जन्म मी छायाचित्रे काढण्यात घालवला. हे म्हणणे मी मान्य करत नाही.

त्याची आई ऐन पावसाळ्यात गेली. तो चिपळूणकडून माल घेऊन येत होता आणि कशेडीत दरड आल्याने घाटापलीकडे अडकला होता. प्रेत थांबवणे शक्य नव्हते. मृत बाईच्या दिराने मला फोन केला.

"तुमचा तो कागद लगेच बाहेर टाकणारा कॅमेरा आणा. मोबाईल नको. मेल्या माणसाचं तोंड या फोनातून त्या फोनात हिंडायला नको. एकच फोटो काढा. तो तिच्या पोरानं बघायचा, बस."

ही मागणी मला रास्त वाटली. या फिल्मला निगेटिव्ह नसते. जो कागद बाहेर येतो तोच पहिला आणि तोच शेवटचा.

फिल्मचे खोके शीतकपाटातून काढले तेव्हाच त्यावरची मुदत मी वाचली होती; ती उलटलेली नव्हती. गार खोके लगेच फोडले तर आत दव धरते, म्हणून ते बंदच ठेवून कुडपणला नेले आणि तिथे उघडले. कॅमेऱ्यातले, कागद दाबून बाहेर काढणारे रूळ पुसले, कारण रुळावर कण राहिला तर रसायन सारखे पसरत नाही. दाराशी उजेड होता. तिथे मी फोटो काढला.

कागद पांढरा बाहेर आला. कोणीतरी म्हणाले, "हलवा की जरा, वाळंल." हा समज मी आयुष्यभर खोडत आलो आहे. हा फोटो बाहेरून ओला नसतोच. रसायन दोन थरांच्या आत बंद असते. वाळवायला बाहेर काही नसते आणि हलवल्याने आतला लेप मात्र बिघडतो. हवा गार होती, गारव्यात चित्र सावकाश उमटते, म्हणून मी तो सदऱ्याच्या आतल्या खिशात छातीशी धरला. मग पाहिला. मिटलेले डोळे, नाकात कापूस, हनुवटीवरचे गोंदण, सगळे स्वच्छ आले होते.

दिराने मान फिरवली. "आधी पोरानं बघायचं." त्यामुळे फोटोतला तो चेहरा माझ्याखेरीज कोणीही पाहिलेला नाही. मी फोटो पाकिटात घालून दिराच्या हाती दिला आणि बजावले, "गार, कोरड्या जागी सपाट ठेवा." तिथल्या मंडळींना आज त्यातले 'कोरड्या' तेवढे आठवते.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा झाल्यावर मुलगा गावी पोहोचला आणि तिथून थेट माझ्या दुकानात आला. फोटो वाकडा झाला होता, तपकिरी पडला होता, आणि जिथे चेहरा होता तिथे फोड आले होते. त्याच्या दुसऱ्या हातात ब्लेड होते.

"वरचा पापुद्रा काढतो, काका. आई आत असंल."

"ब्लेड ठेव! आतला लेप तीव्र क्षाराचा आहे, कातडी भाजेल. डोळ्यात गेला तर डोळा जाईल."

"जाऊ दे डोळा. शेवटचं बघायलाच नाय मिळालं, त्या डोळ्याला काय करू?"

मी ब्लेड हिसकावून घेतले. त्याचे बोट थोडे कापले, माझेही. मग मी त्याला सांगितले की आई नीट आली होती, फोटोला आच लागली आहे. त्यावर तो ओरडला, "मयताच्या घरात चूल पेटते काय? त्या दिवशी आमची चूल थंडगार होती!"

या एका वाक्यावर सगळे त्याची बाजू घेतात. त्याच्या घरची चूल थंड होती हे खरेच आहे. परंतु स्मशानातून परतलेल्यांना भाकरी मिळाली ती शेजारी राहणाऱ्या त्याच्या चुलतीच्या, म्हणजे त्या दिराच्या बायकोच्या चुलीवरची. पावसाळ्यात त्या डोंगरावर काडेपेटी, बियाणे, कागदपत्रे, जे म्हणून कोरडे ठेवायचे ते चुलीवरच्या फळीवर जाते. तेवढीच जागा कोरडी असते. त्या बाईने अजून तोंड उघडलेले नाही. मी तिला दोष देत नाही, देणारही नाही. मुदत संपलेली फिल्म सगळीकडून फिकी पडते. तिला फोड येत नाहीत. पण हे पटायला फिल्म हाताळलेली असावी लागते, आणि पायरीवर बसून बोलणाऱ्यांनी ती हाताळलेली नाही.

ते असो. मुलाला वाटते की आईचा चेहरा कधी उमटलाच नाही, आणि चेहरा उमटून मग जळाला यापेक्षा असे वाटणे त्याच्यासाठी अधिक वाईट आहे. म्हणून मी वाद सोडत नाही. त्या दिवशी दुकानाच्या बाकावर बसून, बोटाला चिंधी गुंडाळत, तो स्वतःच मला सांगत होता: चुलतीने फोटो हातात दिला, तेव्हा तो गरम होता.