साडीवर शर्ट, मस्कतच्या उन्हात

कर्जतला बाजारपेठेच्या टोकाला माझं आणि माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं, छोटंसं टूरचं ऑफिस आहे. वर्षातून एखाद-दुसरा ग्रुप आम्ही परदेशात नेतो. परत आलेली माणसं आठवडाभर फोटो दाखवतात, मग ते फोटो मोबाईलमध्ये गडप होतात. किस्से मात्र आमच्या ऑफिसात येऊन बसतात, ते उठायचं नावच घेत नाहीत!

तुम्हाला वाटेल किल्ल्यांचे, समुद्राचे असतील. छे! निम्मे किस्से कपड्यांचे. त्यातही ओमानच्या ट्रिपचे सगळ्यात जास्त. मे महिना, मुस्लिम देश आणि वाळवंटातलं ऊन. अंग झाकायचं की वारा लागू द्यायचा, हे कोणालाच धड माहीत नव्हतं. नेणाऱ्या आम्हालाही नाही.

*

निघण्याआधी ऑफिसात मीटिंग घेतली. भिवपुरीजवळच्या एका गावातून आप्पा आणि वत्सलाकाकी आले होते. जन्मभर भातशेती केलेली माणसं. मुलाला चांगली नोकरी लागली, त्याने हौसेने आईबापाला विमानात बसवायचं ठरवलेलं. कर्जतच्या माधवीबाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. बाकीची मंडळी शिळफाट्याची.

मी सांगितलं, "कपडे सैल, सुती आणि अंगभर घ्या. खांदे, गुडघे झाकलेले हवेत."

काकींनी विचारलं, "मंग साडी चालंल ना?"

"हो!" सुधीर म्हणाला.

"नाही!" मी म्हणाले. दोघं अगदी एकदम.

सगळे आमच्याकडे बघायला लागले. सुधीर मला म्हणाला, "अगं, साडीपेक्षा सभ्य काय असतं?"

"अरे, पोट दिसतं ना!"

काकींनी मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "लगीन झाल्यापास्नं दिसतंय गं बाय ते. आजवर कुनी नाय बोललं!"

मीटिंग तिथेच संपली. निर्णय काहीच झाला नाही.

*

एअरपोर्टवर आप्पा आले ते बर्म्युडात. पिवळ्या फुलांची, इस्त्री केलेली, पार गुडघ्यांच्या वर!

"जावयानं दिली," आप्पा खुशीत म्हणाले. "म्हनला, मामा, तिकडं लई गरमी हाय, हीच घाला."

सुधीरने त्यांना बाजूला घेऊन गुडघ्यांचं समजावून सांगितलं. आप्पांचा चेहरा पडला.

"शेतात चिखलनी करताना धोतर वर खोचायचो, तवा पाय उघडंच व्हते की. कुनी कायबी नाय बोललं. तवा वाटायचं, फॉरेनची मानसं कशी ऐटीत हाफ पँट घालत्यात, आपन कदी घालनार! आन आता फॉरेनला चाललो, तर तुमी म्हन्ता झाका!"

"आप्पा, हॉटेलच्या रूममध्ये घाला की," सुधीरने तोडगा काढला.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांच्या रूमवर चहाचं विचारायला गेले. आप्पा बर्म्युडा घालून पलंगावर बसले होते. एसी इतका गार, की कमरेखाली जाडजूड ब्लँकेट गुंडाळलेलं!

मला बघून म्हणाले, "गुडघं झाकलेत गं, सांग सुधीरला."

*

मस्कतची मोठी मशीद बघायला जायचं होतं. तिथे बायकांनी केस, हात, पाय सगळं झाकायचं असतं. सकाळी काकी हॉटेलच्या लॉबीत आल्या. हिरवी साडी, डोक्यावर पदर आणि साडीवर आप्पांचा फुल बाह्यांचा पांढरा शर्ट! गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"अहो काकी, हे काय घातलंत?" माधवीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"भाताच्या लावनीला आमी बाया असंच तर घालतो! ऊन लागत नाय, किडा-मुंगी चावत नाय."

माधवीबाई दोन पावलं बाजूला सरकल्या. त्यांनी मुद्दाम मुंबईहून ड्रेस आणला होता. काळा, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत लांब. वर काळा स्कार्फ.

मशिदीच्या दारात एक बाई प्रत्येकीकडे बघून आत सोडत होती. काकींना तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हसली आणि म्हणाली, "वेरी गुड!"

माधवीबाईंसमोर मात्र हात आडवा केला. "टाइट!"

"मी?" माधवीबाई म्हणाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं मुलींना युनिफॉर्मच्या लांबीवरून वर्गाबाहेर उभं केलं, त्या बाई दारात उभ्या! ड्रेसने सगळं झाकलं होतं हे खरं. पण अंगाला असा चिकटला होता की झाकून उपयोग काहीच नव्हता. शेवटी तिथलाच एक भाड्याचा अबाया, म्हणजे तो काळा घोळदार झगा, वरून चढवला तेव्हा आत सोडलं.

बाहेर आल्यावर बाईंनी मला विचारलं, "मीना, नेमकं काय झाकायचं असतं गं?"

मी ग्रुप लीडर. मी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटायला लागले.

*

त्या रागातच बाईंनी बाजारातून स्वतःचा अबाया घेतला. चांगला सैल. पण चकचकीत पॉलिस्टरचा! दुसऱ्या दिवशी निझवाचा किल्ला बघायला गेलो आणि पायऱ्यांवर बाई एकदम खाली बसल्या. चेहरा लालबुंद, बोलणं तुटक. "मीना... वर्गाची खिडकी उघड," म्हणाल्या.

आमचा ड्रायव्हर खालिद तिथलाच होता. बरीच वर्षं भारतीयांबरोबर काम केल्यामुळे त्याला छान हिंदी यायचं. त्याने समोरच्या दुकानातल्या बाईला हाक मारली. त्या बाईने आणि मी मिळून माधवीबाईंना आत नेलं. तिने पडदा ओढला, तो अबाया काढून कोपऱ्यात फेकला, मानेला ओलं फडकं लावलं, थोडंथोडं पाणी पाजलं. मग दुकानातलाच एक फुलाफुलांचा, ढगळ, सुती झगा त्यांच्या अंगावर चढवला. खालिदने डॉक्टरांना फोन लावला होता. मी बाईंचा हात धरून बसले होते. इतकी घाबरले होते की देवाचं नावसुद्धा आठवेना.

थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. आणि किंचाळल्या, "मीना! मी गाऊनवर आहे!"

आता हे सांगायलाच हवं, की कर्जतला त्यांच्या बिल्डिंगमध्ये जिन्याखाली बाईंनीच एक बोर्ड लावलाय: 'महिलांनी गाऊनवर खाली येऊ नये.'

डॉक्टर तपासून म्हणाले, काळजी नाही, पाणी प्या, असेच सैल सुती कपडे घाला. बाई गाऊनवर अख्खा बाजार फिरल्या! परत निघेपर्यंत तसलाच, पण साधा मळकट रंगाचा, आणखी एक घेतला.

मी भीत भीत विचारलं, "बाई, बिल्डिंगमधल्या बोर्डाचं काय?"

"तो कर्जतसाठी आहे. इथलं हवामान वेगळं."

"बाई, कर्जतलाही मे महिनाच चालू आहे."

बाईंनी पिशवीतला नवा गाऊन काढून मापाला लावून बघितला.

*

मग मॉलचं. दारावर मोठा बोर्ड, चित्रासकट: खांदे आणि गुडघे झाका. आणि बोर्डाखालीच दोन गोऱ्या मुली आखूड चड्ड्यांमध्ये मजेत आइस्क्रीम खात उभ्या!

शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेल्या काकींनी त्या मुलींकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, मग खालिदकडे. "यांना कुनी नाय बोलत रं?"

मी हिंदीत सांगितलं. खालिदने बराच विचार केला. "अम्मा, बोर्ड तो है."

"ते दिसतंय रं. पन मग?"

"बोर्ड है," खालिद पुन्हा म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

*

शेवटच्या संध्याकाळी खालिदने आम्हाला घरी बोलावलं. त्याच्या घरच्यांचा मान राखायचा म्हणून आम्ही बॅगेतले सगळ्यात साधे, सगळ्यात झाकलेले कपडे काढले. मी राखाडी कुर्ता, माधवीबाई मळकट रंगाच्या झग्यात, काकी शर्टात. दागिने हॉटेलच्या लॉकरमध्ये.

पुरुष बाहेरच्या खोलीत बसले, आम्ही आतल्या. दार लागलं. घरातल्या बायकांनी काळे अबाये काढून खुंटीला अडकवले आणि आम्ही बघतच राहिलो! जांभळं, केशरी, जरीचं, टिकल्यांचं. कोपरापर्यंत मेंदी, बांगड्यांचा खळखळाट, अत्तराचा घमघमाट!

खालिदची म्हातारी आई गादीवर बसली होती. आमच्याकडे तिने बराच वेळ निरखून पाहिलं. मग छातीवर हात ठेवून, अगदी हळवी होऊन, नातीला काहीतरी विचारलं. नात शाळेत इंग्रजी शिकणारी. चाचरत म्हणाली, "आजी विचारतेय... तुमच्यात कोणी वारलंय का?"

माधवीबाई घसा साफ करून इंग्रजीत खुलासा करायला लागल्या, पण खुलासा नक्की कशाचा करायचा ते त्यांनाच कळेना.

काकींनी मला विचारलं, "काय म्हनली गं?" मी सांगितलं. काकींनी खोलीभर नजर फिरवली.

"हितं समद्या बायाच हायत ना?"

उठल्या, शर्ट काढला आणि माझ्या मांडीवर टाकला! आत लाल काठाची हिरवी साडी. म्हातारीने "आह!" केलं आणि गादीवर सरकून शेजारी जागा केली.

मग त्या दोघी बोलायला लागल्या. एक अरबीत, दुसरी आमच्या भिवपुरीकडच्या मराठीत. भाषांतर कोणी करत नव्हतं, कोणी मागतही नव्हतं. म्हातारीने साडीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला, काकींनी तिची मेंदी बघितली. दोघींनी आपापली कंबर दाबून दाखवली. मग म्हातारीने काकींना जवळ ओढलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक!

काकींनी ऐकून घेतलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि अशा हसत सुटल्या की डोळ्यांतून पाणी! म्हातारीच्या मांडीवर चापट मारून म्हणाल्या, "गप गं!" म्हातारीही हसून हसून लोळली. नातीने लाजून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

परत जाताना गाडीत मी विचारलं, "काकी, काय म्हणाली हो आजी?"

काकींनी पदराने डोळे पुसले.

"आता नाय सांगत गं," त्या कुजबुजल्या. "आप्पा फुडं बसल्यात!"