राजधानीच्या मतासाठी माहेरी

व्हर्डेल गॅस्किन्सच्या दुकानात मी शेजारच्या खुर्चीवर बायकांचे केस करायचे. दुकान वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर. एकोणीसशे अडुसष्टच्या दंगलीत आजूबाजूची दुकानं जळाली, आमचं वाचलं. पण त्या काळ्या भिंती पुढे कैक वर्षं तशाच उभ्या होत्या. पाडायच्या कुणी? आमचा महापौर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला, आणि शहराच्या पैशाच्या किल्ल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, एका समितीकडे. त्या समितीचा अध्यक्ष साउथ कॅरोलायनाचा. आमच्या मतांशी त्याला देणंघेणं नव्हतं, कारण त्याला निवडून देणारे लोक तिकडे, तंबाखूच्या शेतांत.

व्हर्डेल उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की ड्रायर चालू असले तरी रस्त्यापलीकडे ऐकू जावा. नवरा रेल्वेत होता, तो वारला. मुलगा व्हिएतनामहून एक पाय अधू करून परत आला होता. कर भरा, पोरं लढाईला द्या, आणि आपल्या गल्लीतल्या दिव्यासाठी मात्र परक्या माणसापुढे हात पसरा, हे तिला सहन व्हायचं नाही.

एकाहत्तर साली आम्हाला काँग्रेसमध्ये आमचा एक प्रतिनिधी मिळाला, लूशियस ब्रॅमवेल नावाचा वकील. त्याला सभागृहात बोलता यायचं, पण मत देता यायचं नाही. तरी गडी पहिल्या दिवसापासून एकाच गोष्टीच्या मागे लागला. शहराचा कारभार शहराकडे द्या, महापौर आणि नगर परिषद लोकांना निवडू द्या. त्यानं विधेयक आणलं. समितीच्या अध्यक्षानं ते चर्चेलाच घेतलं नाही. ब्रॅमवेल पुन्हा गेला, पुन्हा तेच.

बहात्तरच्या वसंतात एका रविवारी प्रार्थनेनंतर ब्रॅमवेल आमच्या चर्चच्या तळघरात बोलायला आला. थकलेला दिसत होता.

"मी अध्यक्षांना विनवून पाहिलं, वाद घालून पाहिला," तो म्हणाला. "ते हसून म्हणतात, वॉशिंग्टनमधलं कोण मला मत देतं? खरंच आहे. त्यांना घरी बसवायचं तर ते त्यांच्या मार्लो क्रीकच्या लोकांनीच."

"मार्लो क्रीक?" मागच्या रांगेतून व्हर्डेल उठली. "अहो वकीलसाहेब, ते माझं माहेर!"

सगळे हसले. ब्रॅमवेल हसला नाही. "आणखी कुणाचं माहेर तिकडचं आहे?" त्यानं विचारलं, आणि अर्धं तळघर हात वर करून उभं राहिलं. आम्ही सगळी काळी माणसं तिकडूनच तर पोट भरायला आलो होतो.

ब्रॅमवेल व्हर्डेलकडे वळला. मग म्हणाला, "मावशी, माहेरी जाऊन किती दिवस झाले?"

"आता जाते की," व्हर्डेल म्हणाली.

उन्हाळ्यात आम्ही तिच्या जुन्या ब्यूइक गाडीतून निघालो. तिचा थोरला भाऊ इझेल तिथे स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू पिकवायचा. कायद्यानं त्याला मताचा हक्क मिळून काही वर्षं झाली होती, नाव मतदारयादीत चढलं होतं, पण मत द्यायला तो कधी गेलाच नव्हता. ओरा वहिनींनी कोंबडी घातलेला मऊ भात वाढला. व्हर्डेलनं अध्यक्षाविरुद्ध मत देण्याचा विषय काढला आणि इझेलचा घास हातातच राहिला.

"वा गं व्हर्डी! तुमच्या एवढ्या मोठ्या शहराला साधा महापौर निवडता येत नाही, आणि तू मला मत द्यायला शिकवतेस?"

"म्हणून तर आले, दादा. माझ्या शहराचं कुलूप तुझ्या गावातल्या माणसाच्या हातात आहे."

"तू चार दिवसांनी गाडीत बसून जाशील. आमचा तंबाखू ज्यांच्या वखारीत जातो, ते सगळे त्या अध्यक्षाचेच लोक. आम्हाला इथेच राहायचंय."

  व्हर्डेल आवाज खाली आणून म्हणाली, "बाबा मताचा हक्क मागायला गेले होते, तेव्हा त्यांना कोर्टाच्या पायरीवरून ढकललं होतं. तू होतास सोबत. मी नव्हते. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही."

इझेल उठून अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी व्हर्डेलनं ओसरीवर खुर्ची मांडली, चुलीवर केस सरळ करायची लोखंडी फणी तापत ठेवली आणि शेजारणींना हाका मारल्या. "या गं, राजधानीची केशभूषा, फुकट!" बायका आल्या. एक म्हणाली, "फुकट म्हणजे काहीतरी काम असणार."

"आहेच. डोकं माझ्या हातात असेपर्यंत ऐकून घ्यायचं."

ती केस सरळ करत बोलायची, मी धुवून द्यायचे. भाषण नाही, गप्पाच. जळक्या भिंती, मुलाचा पाय, ब्रॅमवेलचं अडवून ठेवलेलं विधेयक. बायकाही बोलू लागल्या. इथला कच्चा रस्ता, गळकी शाळा. आपल्या खासदारानं आपल्यालाही काही दिलेलं नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. शेवटी ओरा वहिनी खुर्चीत बसल्या आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी जाणार बाई मत द्यायला. एवढे सुंदर केस घेऊन घरात बसू का?"

तिकडे पक्षाचा उमेदवारही लोकच मतदानानं निवडतात, आणि उमेदवारी ज्याला मिळाली, त्याचीच जागा. त्या मतदानापर्यंत आम्ही तिथेच राहिलो, आणि त्या सकाळी बाहेर आलो तर इझेल चर्चचा काळा कोट घालून गाडीपाशी उभा. एवढ्या उकाड्यात घामाघूम.

"काय बघतेस, व्हर्डी? उशीर होईल."

मतदान होतं त्या शाळेबाहेर वखारीचे दोन लोक हाताची घडी घालून उभे होते. इझेलनं त्यांना टोपी काढून नमस्कार केला, नावानिशी, आणि आत गेला. बाहेर येऊन त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "बाबांचं काम झालं," एवढंच म्हणाला. व्हर्डेल रस्त्यातच त्याच्या गळ्यात पडली.

अध्यक्ष पडला. आमच्यासारखे कितीतरी जण तिकडे राबले होते, आणि खरं म्हणजे मतं तिकडच्या लोकांनीच दिली होती. पुढच्या वर्षी नव्या समितीपुढे ब्रॅमवेलचं विधेयक आलं, खूप काटछाट होऊन का होईना, मंजूर झालं. चौऱ्याहत्तरला आम्ही महापौर आणि परिषद निवडली. काँग्रेसनं आमचे कायदे रद्द करण्याचा हक्क मात्र स्वतःकडे ठेवला, आणि सभागृहात मत देण्याचा हक्क ब्रॅमवेलला मिळाला नाही तो नाहीच. तो म्हातारा होईपर्यंत त्यासाठी भांडत राहिला.

पुढे वस्ती-समित्यांच्या निवडणुका आल्या. व्हर्डेल उभी राहिली आणि निवडून आली. पगार नाही, मान मात्र मोठा. पहिल्या बैठकीला ती निळा रेशमी झगा घालून आली. दार उघडताच बायाबाप्ये एकदम आत घुसले. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या गल्लीत अंधार. सगळे एकाच वेळी ओरडू लागले. मी तिच्या कानाशी लागले, "बाई, हे लोक तुला फाडून खातील."

"खाऊ दे की," ती म्हणाली. डोळे पाण्यानं भरलेले, मान ताठ. "इतकी वर्षं ओरडायला हक्काचं माणूस नव्हतं." मग टेबलावर थाप मारून तिनं तो दणदणीत आवाज लावला. "चला, एकेक जण. आधी गटारवाले बोला."