आमच्या हिचा भयकथांचा व्यासंग

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. नाहीतर चहा प्या आणि घरी जा! कारण माणूस मूर्खपणा किती करू शकतो याला काही मर्यादा असेल असं मला वाटायचं, ती मी स्वतःच एका शनिवारी संध्याकाळी ओलांडली. तीही नगरच्या वाचनालयात, चारचौघांदेखत.

तेव्हा लढाई चालू होती. रॉकेल रेशनवर, कागद मिळेना, नवी पुस्तकं जवळजवळ बंद. त्यामुळे आमचं शनिवारचं वाचक मंडळ जुन्याच पुस्तकांवर भांडायचं. मंडळ कसलं म्हणा! निम्मे लोक पंख्याखाली बसायला यायचे. अध्यक्ष एक वयोवृद्ध वकीलसाहेब. चर्चा रंगली की त्यांचा डोळा लागायचा, आणि जाग आली की "मुद्दा महत्त्वाचा आहे" म्हणायचे. आता ते मुलाकडे पुण्याला राहायला निघाले होते, आणि ती खुर्ची रिकामी होणार होती. हायस्कुलात मराठी शिकवणारा मी एकटाच. म्हणजे खुर्ची कोणाची, हे काय सांगायला हवं?

तर त्या शनिवारी दाविदमामा उठले. हे मिशनच्या कारखान्यात मुलांना सुतारकाम शिकवायचे. म्हणाले, "आमी काय म्हंतो, भुताखेताची पुस्तकं लोकं लई मागत्यात. पन कंचं चांगलं, कंचं भिकार, कळत न्हाई. तवा मंडळानं एक यादी काढावी."

मी हसलो. मुद्दाम मोठ्यानं हसलो.

"मामा, यादी कसली काढता? ते कपाटच्या कपाट बंबात घाला, वाचनालयाला आठवडाभर गरम पाणी पुरेल! पिंपळ, अमावास्या, मोकळे केस, उलटे पाय. पुढच्या पुस्तकात काय, तर अमावास्या, पिंपळ, उलटे पाय, मोकळे केस! हे काय वाङ्मय झालं? ज्याला स्वतःच्या डोक्यानं विचार करता येत नाही, त्यानं वाचावं हे."

"आमाला ग्वाड लागतं बुवा," मामा म्हणाले आणि खाली बसले. बिचारे!

आता तुम्ही विचाराल, मास्तर, त्यात काय असतं हे तुम्हाला एवढं बारकाव्यानिशी कसं ठाऊक? मुद्दा महत्त्वाचा आहे. तुच्छ लेखायचं तर आधी वाचायला नको का? म्हणून मी वाचली. सगळी वाचली. काही दोनदा वाचली. पण मराठीच्या मास्तरानं स्वतःच्या नावावर असली पुस्तकं न्यायची म्हणजे अब्रूचं खोबरं! तर आमच्याकडे एक सोय होती. बायका सभासद व्हायच्या, पण वाचनालयाची पायरी चढायच्या नाहीत. त्यांच्या नावावर पुस्तक नवऱ्यानं न्यायचं, नवऱ्यानंच आणून द्यायचं. मी दोन वर्षं सौ. यमुनाबाईंच्या नावावर भुतं घरी नेत होतो. यमुनाबाई म्हणजे आमची ही. तिला याचा पत्ता नाही, असं मी समजत होतो.

माझं भाषण संपलं. वकीलसाहेब जागे झाले. म्हणाले, "यादी की बंब, पुढच्या शनिवारी मतं घेऊ. पण शिफारस करायला कोणी जाणकार हवा. नाना, वही बघा. ही पुस्तकं सगळ्यांत जास्त कोणी वाचलीत?"

नाना म्हणजे ग्रंथपाल. त्यांनी वही चाळली, बोट थांबलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मास्तर… अहो, आपल्या वहिनींनी!"

सभा अशी हसली की पंखासुद्धा हलला असेल. खरं सांगायची वेळ हीच होती, हो की नाही? पण समोर ती खुर्ची! मी काय बोललो असेन? मान हलवली, सुस्कारा टाकला आणि म्हणालो, "काय करणार? बायकांची बुद्धी! चांगलं वाच म्हणून सांगून थकलो."

"मग वहिनींनाच बोलवा," वकीलसाहेब म्हणाले. "मुद्दा महत्त्वाचा आहे."

मी हात जोडले. ती लाजरी आहे, चार माणसांत बोलत नाही, असं काय काय सांगितलं. पण नानांची बायको दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन आमंत्रण देऊन आली. नुसतं आमंत्रण नाही, माझं 'बायकांची बुद्धी'सुद्धा शब्दाला शब्द पोचवून आली! हे मला नंतर कळलं.

घरी मीच विषय काढला. "हे बघ, वहीत काहीतरी घोटाळा झालाय. तू फक्त उभी राहा आणि म्हण, चुकून वाचली, पुन्हा वाचणार नाही. एवढंच."

"बरं," ती म्हणाली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत माझ्या कुठल्याही म्हणण्याला तिनं एका दमात 'बरं' म्हटलं नव्हतं. शहाण्या माणसानं तिथंच आजारी पडायला हवं होतं. मी मात्र अध्यक्षपदाचं भाषण पाठ करत बसलो.

शनिवार आला. बाजूच्या सतरंजीवर पहिल्यांदाच दहा-बारा बायका. मी अर्धा तास बोललो. भुतांना झोडलं, लेखकांना झोडलं, वाचणाऱ्यांना तर इतकं झोडलं की मामा खाली मान घालून नखं बघत बसले. मग ही उठली. हातात चिठ्ठी.

"मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही," ती म्हणाली. "पण कव्हरावर नाना नंबर घालतात, तो मला दिसतो. आणि पुस्तक घरात असताना हे कसे वागतात, तेही दिसतं. त्यावरून सांगते."

मी चिठ्ठीकडे हात नेला, तिनं ती दुसऱ्या हातात घेतली.

"नंबर एकशे सत्तर. हे चांगलं असावं. दिवेलागणीनंतर हे एकटे परसाकडे जाईनात. मी कंदील घेऊन बाहेर उभी, आणि आतून सारखं, 'आहेस ना गं? आहेस ना?' रेशनचं रॉकेल त्यातच गेलं."

सतरंजीवर पदर तोंडाला लागले.

"नंबर दोनशे एकतीस. ते तर न्याच. ते आलं तेव्हा ह्यांनी मामंजींच्या तसबिरीचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. वडील होते हो ह्यांचे!"

"वैनी," मामा ओरडले, "त्ये आदी मला! माझं वाचायचं ऱ्हायलंय!"

"नंबर दोनशे चार मात्र साधारण असावं. त्या दिवसांत हे परसाकडे एकटेच गेले, नुसते खाकरत."

आणि इथं, मंडळी, माझ्या जिभेनं घात केला. आतला टीकाकार उसळला हो! मी ताडकन उठलो.

"साधारण? दोनशे चार साधारण? अगं, त्यातलं विहिरीचं प्रकरण कळलंय का कोणाला? ती बाई रहाट ओढते आणि खालून दुसरंच कोणी—"

आणि जीभ चावली. सगळी सभा माझ्याकडे वळली. वकीलसाहेब पूर्ण जागे होते. त्यांना तेवढं जागं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पुढं काय व्हतं, मास्तर?" मामांनी अगदी मनापासून विचारलं.

मतं घेतली. बंबाच्या बाजूनं एकच हात वर गेला, माझा, आणि तोही मी अर्ध्यातून केस सारखे करायला नेला. अध्यक्षाची खुर्चीही त्याच सभेत मामांना मिळाली. होय, सुतारकाम शिकवणाऱ्या मामांना! मी अजून आतून जळतो, लपवत नाही.

घरी येताना मी म्हणालो, "अगं, घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं असतं का?"

"दोन वर्षं माझ्या नावावर पुस्तकं आणलीत, त्याचं मी काही बोलले नव्हते," ती म्हणाली. "पण वर माझी बुद्धी काढलीत."

तिचा आवाज जरा कापला. मला पहिल्यांदाच वाईट वाटलं, आणि खुर्चीपेक्षा जास्त वाटलं.

आता पुस्तकं निवडणाऱ्या कमिटीत ही आहे. मी नाही. पण वाचनालयात भुताचं नवीन पुस्तक आलं, की नाना ते सगळ्यांच्या आधी आमच्या घरी पाठवतात. वाचायला मला देतात, आणि आठवड्यानं येऊन अभिप्राय हिला विचारतात.